तुम्ही विचारलंत म्हणून: जिव्यांचं जाळं

मी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. वारली शिकवायला घेतलं की एखादे पालक हमखास विचारतात, "ही तर लोककला. मग जिव्या सोमा म्हसे यांना तुम्ही आधुनिक चित्रकारांत कसं धरता? वारली चित्रं सगळी सारखीच तर असतात!"

कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर छापलेली सारखी असतात, हे खरं. पण मूळ गोष्ट वेगळी. डहाणूकडच्या पाड्यांवर लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढतात. कारवीच्या काड्यांचा कुड म्हणजे भिंत, त्यावर शेणमातीचं सारवण, गेरू आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. चौकात पालघट देवी, भोवती झाडं. चौकावाचून लग्न लागत नाही. तो देवीसाठी असतो, कुणी येऊन बघावा म्हणून नसतो.

जिव्यांचा जन्म १९३४ चा. बायकांकडे असलेलं हे काम त्यांनी हाती घेतलं आणि लग्नकार्य नसतानाही ते रोज चित्रं काढू लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर पोचले, तेव्हा जिव्यांचा हात तयार होता. कागदावर काय उतरवायचं ते आता विधी ठरवणार नव्हता, त्यांनाच ठरवायचं होतं. मला आधुनिकता दिसते ती इथे.

त्यांनी मासेमारीचं जाळं पुन्हा पुन्हा काढलं. लांबून पाहिलं तर पाण्यावरून वारा गेल्यासारखं वाटतं. जवळ गेलात की कळतं, जाळ्याचं घर न् घर हातानं, काडीनं ओढलेलं आहे. रेघ कुठे दाट होते, कुठे सैल पडते, आणि सगळा कागद त्या जाळ्यानंच भरून जातो. टाकणारा माणूस एवढासा. क्षितिज नाही, जवळचं मोठं आणि लांबचं लहान हा हिशोब नाही. मासे, माणसं, जाळं, सगळ्यांना तोच पांढरा रंग. आपण शाळेत 'निसर्गचित्र' म्हणून डोंगरामागचा सूर्य काढतो आणि झाडं मागे ढकलतो. जिव्यांच्या चित्रात झाडाला मागे जागाच नाही. झाड पानापानासकट उभं असतं आणि माणूस त्याच्या बुंध्याशी बोटभर.

वारली माणूस दोन त्रिकोणांचा. त्यातला वरचा त्रिकोण म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, हे मुलांना पाठ असतं. अशा अर्थांच्या याद्यांनी माझं समाधान होत नाही, कारण यादी हातात आली की मुलं चित्राकडे बघायचं थांबवतात.

२००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जिव्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी लागली. लाँग मैलोन् मैल चालतात आणि त्या चालण्यातून, माती-दगडांतून कलाकृती घडवतात. तिथे जिव्या कुणाचे पाहुणे नव्हते, बरोबरीचे होते. आपल्याकडे पद्मश्री मिळायला २०११ उजाडलं. २०१८ मध्ये ते गेले.

पुढच्या वर्गात मी मुलांना माणसं काढायला देणार नाही. एकच झाड, आणि प्रत्येक पानाला वेगळी रेघ. तुम्हीही बसा त्यांच्याबरोबर, काडी देते.