रडू कोसळतं, हसू नाही

परवा संध्याकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो, खाली पट्टी सरकत होती, घाटात दरड कोसळली, मग शेअर बाजार कोसळला, आणि खिडकीबाहेर पाऊस तर दुपारपासून कोसळतच होता. म्हटलं एकाच शब्दाला किती राबवतो आपण!

बाकीच्यांची कामं तशी वाटलेली आहेत. रस्ता खचतो, बुरूज ढासळतो, तब्येतपण ढासळते (माणूस मात्र खचतो, रस्त्यासारखा), कांद्याचे भाव गडगडतात. पण खचण्या-ढासळण्यात आधी जरा चाहूल लागते, भेगा दिसतात. कोसळणं म्हणजे वरून आणि एकदम. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने गेलं, २६९ विरुद्ध २७०, ते कोसळलं, त्याला ढासळलं कोण म्हणेल? आणि २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला आपला डाव ३६ वर आटोपला त्याला गडगडला म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'दुःखाचा डोंगर कोसळला' असं सर्रास असतं. पण माळीणला ३० जुलै २०१४ च्या सकाळी खरंच डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली, तेव्हापासून ती ओळ वाचली की कसंतरीच होतं मला.

ह्या सगळ्यात मला आवडतं ते रडू कोसळणं. हसू फुटतं, राग येतो, रडू मात्र कोसळतं, पावसासारखं. आमच्या गावच्या घराची मागची मातीची भिंत खचलेली होती, आजी दर पावसाळ्यात म्हणायची, "बसणार रे ही यंदा," आणि एका श्रावणात बसली एकदाची. (गावाकडे भिंत कोसळत नाही, बसते. दमल्यासारखी.) आजी काही रडली नाही, उलट आलेल्या-गेलेल्यांना चहा करत होती, पत्रे कुठून आणायचे त्याचा हिशोब करत होती. चार दिवसांनी माती उपसताना पाट्याचा वरवंटा सापडला, अख्खा, साधा टवकापण उडालेला नाही, तो हातात घेतला आणि तिला जे रडू कोसळलं ते कुणाला आवरेना. आम्ही पोरं नुसती बघत उभी, आणि वर पाऊस चालूच.