दोन्ही हात रॉडला, मग कॅमेरा कुठे? मासेमारीसाठी माउंट निवडण्याचा माझा अनुभव

मरळ मासा रबरी बेडकावर, म्हणजे गळाच्या खोट्या आमिषावर, झेपावतो तेव्हा आधी पाणी फुटल्याचा आवाज येतो, मासा नंतर दिसतो. लगेच झटका दिला तर बेडूक त्याच्या तोंडातून निसटतो. एक श्वास थांबायचं, दोरा ताणला गेला की दोन्ही हातांनी रॉड वर घ्यायचा. या गडबडीत मोबाईल धरायला हात उरत नाही. सोबतच्या कुणाला शूट करायला सांगावं, तर नेमकं त्याच क्षणी त्याचं लक्ष स्वतःच्या गळावर असतं. कॅमेरा घरात होताच, दादाने बाईकच्या सहलींसाठी घेतलेला गोप्रो हीरो ११ हा अंगावर लावता येणारा छोटा कॅमेरा. तो अंगावर कुठे आणि कशाने लावायचा, म्हणजे माउंट कोणता घ्यायचा, हे ठरवायला मात्र मला बराच वेळ लागला. मासेमारी करणाऱ्या बाईच्या अंगाने विचार केलेली माहिती मराठीत मला कुठे सापडली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नागपूरकर, समुद्र लांब. आमची मासेमारी म्हणजे कन्हान नदीचा काठ आणि रामटेककडचे माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव, ज्यांना इकडे सगळे मामा तलाव म्हणतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, तोतलाडोह धरणाच्या पाण्यात मासेमारीला बंदी आहे, तिकडे रॉड घेऊन जायचंच नाही. इतर तलावांवर मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना विचारून, ठरलेले पैसे देऊन मगच बसायचं. कधी काठावर, कधी त्यांच्या डोंग्यातून. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाठीला बॅग, डोंग्यात असले तर वरून लाइफ जॅकेट. माउंटला जागा शोधायची ती या सगळ्यातून.

खरेदीच्या आधी मी स्वतःला एक प्रश्न विचारला: बघायचं काय आहे? फोटोला पोज दिलेला मासा मला नको होता. झटका मी कधी देते, डावा हात रील, म्हणजे रॉडवरची दोरा गुंडाळायची चकरी, कसा फिरवतो, मासा जाळीत घेताना रॉडचा कोन काय असतो, हे हवं होतं. बाबांनी मला गळ टाकायला शिकवलं. गुडघ्यांमुळे आता त्यांना तलावाची पाळ उतरता येत नाही. ते घरी टीव्हीवर बघतात आणि हातांवरच बोलतात. त्यामुळे चित्रात हात, रील आणि रॉडचा शेंडा हे तिन्ही यायला हवे, ही माझी अट ठरली. तुमची अट वेगळी असू शकते. ती ठरवल्याशिवाय दुकानात गेलात तर समोर येईल ते घेऊन याल.

सीताबर्डीवर एका दुकानात सगळे प्रकार एकत्र मिळाले. दुकानदार म्हणाले, "ताई, चेस्ट घेऊन जा ना, सगळे तेच घेऊन राहिले." छातीचा पट्टा लोकप्रिय का, ते मला ठाऊक होतं. दादा तोच वापरतो, आणि त्याच्या चित्रात हँडल, हात, रस्ता सगळं सुरेख येतं. कॅमेरा शरीराच्या मध्यावर असतो, डोक्यासारखा भिरभिरत नाही. सपाट छातीच्या माणसाने काठावर उभं राहून गळ टाकायचा असेल तर छातीचा पट्टा खरोखर उत्तम आहे.

बाईच्या अंगावर त्याचं गणित बदलतं, आणि हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. पट्ट्याच्या मधली प्लॅस्टिकची पाटी सपाट बसावी अशी बनवलेली असते. ती वर ओढून बसवली तर भिंग आकाशाकडे बघतं, खाली घेतली तर पोटाकडे झुकतं. घट्ट केली तर श्वास अडतो, सैल सोडली तर चालताना पाटी डोलते. दादाचा पट्टा घरी लावून मी गच्चीवर फेकण्याचा सराव केला. गळ न लावता, दोऱ्याच्या टोकाला नुसतं रबरी वजन बांधून. चित्रात निम्मा वेळ माझे कोपरच होते. त्यात मांडी घालून किंवा गुडघे वर करून बसलं की समोर फक्त गुडघे दिसतात, आणि डोंग्यात आपण बसलेलेच असतो.

लाइफ जॅकेटचा मुद्दा याहून गंभीर आहे. छातीचा पट्टा जॅकेटच्या आत घातला तर कॅमेरा झाकला जातो. वरून घातला तर जॅकेटची पुढची चेन आणि बकल पट्ट्याखाली अडकतात, आणि वेळ आली तर जॅकेट पटकन काढता येत नाही. शिवाय फोमच्या जाडीने भिंग वर उचललं जातं. म्हणून डोंग्यात छातीचा पट्टा नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

डोक्याचा पट्टा लगेच बाद झाला. मान वळली की चित्र वळतं, आणि मरळीच्या मागे असलेली व्यक्ती सतत इकडे-तिकडे बघत असते. कुठे बुडबुडा आला, कुठे वेल हलली. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते, म्हणून नजर पाण्यावर फिरतच राहते. दुपट्ट्यावरून पट्टा घसरतो, घामाने आणखी घसरतो. टोपीच्या कडेला लावायची क्लिप हलक्या कॅमेऱ्याला ठीक आहे. हा कॅमेरा बॅटरीसकट साधारण दीडशे ग्रॅमचा, त्याने टोपीची कड वाकते. मनगटाचा पट्टा फेकणाऱ्या हाताला निरुपयोगी. दातांत धरायचा माउंट लाटांवर खेळणाऱ्यांसाठी चांगला असेल, पण मला काठावर बोलायचं असतं.

गळ्यात घालायच्या यू आकाराच्या माउंटवर मात्र मी बराच काळ रेंगाळले. शर्टाच्या आतून घालता येतो, छातीवर काही आवळत नाही, भिंग गळ्याच्या खाली, म्हणजे जवळजवळ आपल्या नजरेतून दिसतं तसंच दिसतं. उभं राहून फेकताना त्याचं चित्र सगळ्यात सुंदर आलं. पण मासा जाळीत घ्यायला वाकलं की तो पुढे लोंबतो आणि चित्रात फक्त स्वतःचे बूट येतात. मासेमारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाकूनच होतो. पायवाटेने चालायला, जंगलाच्या कडेने भटकायला ज्यांना हवा त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

चुंबकाचे माउंटही पाहिले. एक पाटी शर्टाच्या आत, एक बाहेर. सुती शर्टावर पक्के बसतात, जाड जॅकेटवर पकड सुटते. पण मासेमारीत त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. आपले गळ पोलादी. हातातला मोकळा गळ छातीजवळ नेला की तो चुंबकाकडे ओढला जातो, आणि ही जागा गळ्यापासून वीतभर अंतरावर असते. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तर असलं चुंबक छातीवर लावूच नये. दुकानदारांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे तर आमच्या डोक्यातच नाही आलं."

शेवटी निवडली ती बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला चिमटणारी क्लिप, फिरणाऱ्या गोल सांध्याची. ती डाव्या खांद्यावर लावायची, कारण मी उजव्या हाताने फेकते. उजव्या खांद्यावर ठेवली तर प्रत्येक फेकीला दंड समोरून जातो. माझं स्पिनिंग रील, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं, त्याची मूठ डाव्या हाताला, त्यामुळे डाव्या खांद्यावरून ती मूठ फिरताना अगदी स्पष्ट दिसते. रॉड चित्रात तिरपा येतो आणि शेंड्यापर्यंत दिसतो. रॉडच्या वर बसणारं, उजव्या हाताने फिरवायचं बेटकास्टर रील असेल तर स्वतः तपासून बघा, माझा हिशेब तिथे चालणार नाही. क्लिप जितकी वर, गळपट्टीच्या हाडाजवळ, तितकी चांगली. तिथे बाईच्या अंगावरही पट्टा सपाट असतो.

क्लिप आणली तशीच वापरण्याजोगी नव्हती. बॅगेतली पाण्याची बाटली रिकामी झाली की पट्टा सैल पडतो आणि कॅमेरा बाहेरच्या बाजूला वळतो. छातीवरून जाणारा आडवा छोटा पट्टा लावला की दोन्ही खांद्यांचे पट्टे जागेवर राहतात, तो नसलेली बॅग या कामाला घेऊच नये. क्लिप खाली घसरू नये म्हणून इतवारीतल्या एका बॅगा शिवणाऱ्या काकांकडून पट्ट्यावर नायलॉनच्या निवारीची एक आडवी पट्टी शिवून घेतली. त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं, म्हणाले, "वजन खाली ओढते ना बाई, मग टाका खालून पाहिजे," आणि दुहेरी टाका घातला. त्यानंतर क्लिप तसूभर सरकलेली नाही.

जोडणीचा पिळायचा स्क्रू बाहेर आलेला असतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेला बारीक दोरा हवेत सैल पडला की त्याच्यावरच जाऊन अडकतो आणि पुढची फेक बोटांवर येते. स्क्रूची मूठ शरीराच्या बाजूला वळवून लावली की दोरा अडकत नाही.

कोन ठरवणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. भिंग सरळ समोर ठेवलं तर हात सुटतात, फार झुकवलं तर रॉडचा शेंडा सुटतो. गच्चीवर फेकणं, ओढणं, झटका, वाकणं, गळ काढणं हे सगळं करून दर वेळी मोबाईलवर बघायचं आणि सांधा थोडासा हलवायचा. कोन जमला तेव्हा सांध्याच्या दोन्ही भागांवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली. आता काठावर पोचल्यावर रेघ जुळवायची, झालं. या कॅमेऱ्यात ८:७ असं उंच चित्र घेता येतं, त्यात हात आणि शेंडा दोन्ही सहज मावतात, नंतर हवा तेवढा तुकडा कापता येतो. तुमच्या कॅमेऱ्यात ते नसेल तर कोन आणखी काळजीने ठरवावा लागेल.

कॅमेऱ्याला दोरी हवीच. हा कॅमेरा १० मीटर खोलीपर्यंत पाणी सोसतो, पण तरंगत नाही. मामा तलावांत शिंगाड्याच्या वेली, कमळं, खाली चिखल. पडलेली वस्तू तिथे सापडत नाही. दोरी माउंटला नाही, बॅगेच्या शिवलेल्या कडीला बांधायची, कारण निसटतो तो माउंटच. आणि ती आखूड ठेवायची, रीलपर्यंत पोचणार नाही इतकी.

डोंग्यात बॅग अंगावर ठेवू नये, पाण्यात पडलो तर ती ओढते. म्हणून मी आखूड निवारीची एक पट्टी लाइफ जॅकेटच्या खांद्यावर वेल्क्रोने गुंडाळते आणि क्लिप तिला लावते. बकल आणि चेन मोकळी राहतात. जॅकेटला भोक पाडून किंवा टाका घालून काही लावू नका, त्याची रचना बिघडते.

आता आमच्या उन्हाबद्दल. या कॅमेऱ्यासाठी कंपनी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते, आणि नागपुरात मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो. काळी पेटी, वारा नाही, खांद्यावर थेट ऊन. सगळ्यात मोठ्या दर्जावर सलग शूट करत राहिलं तर कॅमेरा तापून बंद पडतो. वाट बघण्याच्या वेळेत मी १०८० या कमी दर्जावर, लूपिंग ५ मिनिटांवर लावते. कॅमेरा जुनं पुसत पुढे घेत राहतो. मासा लागला, बाहेर आला, सोडला, मग बटण दाबायचं, शेवटची मिनिटं शिल्लक असतात. ऊन चढलं की कॅमेरा ओल्या रुमालात सावलीला. तसंही मरळीला सकाळ आणि संध्याकाळ बरी.

पावसाळ्याच्या दिवसांत मरळीची जोडी पिल्लांच्या लालसर घोळक्याभोवती पहारा देते. ते दृश्य खांद्यावरच्या कॅमेऱ्यात फार छान येतं, पण अशा जोडीवर गळ टाकू नये. आईबाप गेले की घोळका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. रॉड खाली ठेवावा आणि नुसतं शूट करावं.

आणखी एका गोष्टीचा माउंट निवडताना विचार करावाच लागतो. तलावाच्या एका बाजूला बाया कपडे धूत असतात, अंघोळी करत असतात. संस्थेच्या एका काकांनी कॅमेरा बघून मला पहिल्यांदा हेच सांगितलं, "ताई, घाटाकडे तोंड करू नका तो डब्बा." अंगावरचा कॅमेरा आपण वळू तिकडे वळतो आणि चालू आहे की नाही हे समोरच्याला कळत नाही. खांद्याच्या क्लिपचा मला झालेला मोठा फायदा हाच, की एका बोटाने सांधा फिरवून भिंग माझ्या स्वतःच्या खांद्याकडे करता येतं. समोरच्या बाईला ते दिसतं. छातीच्या किंवा डोक्याच्या पट्ट्यात हे इतक्या सहज होत नाही. धीवर मंडळी जाळं ओढत असतील तर आधी विचारते; बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि नंतर चित्र बघायलाही मागतात.

दुकानात जाल तेव्हा आपली नेहमीची बॅग पाठीवर घेऊन जा, लाइफ जॅकेट वापरत असाल तर तेही, आणि रॉडचा खालचा तुकडा रीलसकट. क्लिप लावा, खाली बसा, वाका, हात डोक्यावरून फिरवा, आणि तिथल्या तिथे मोबाईलवर चित्र बघा. सीताबर्डीच्या त्या दुकानात मला कुणी अडवलं नाही. उलट काउंटरवरचा मुलगा मासा झाला आणि दोरा धरून उभा राहिला.