सड्यावरचा सरडा

आज साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, दोन तास उन्हात बसून काढले. वीतभर प्राण्यासाठी. मे महिना, डोक्यावर पवनचक्क्यांची घरघर, खाली तापलेला कातळ. आणि मग एका दगडावर तो चढला. मातकट, सहज नजरेतून सुटेल असा. पण गळ्याखालचा कातडीचा पंखा उघडला मात्र, निळा, काळा, नारिंगी! फडफड, थांबला, पुन्हा फडफड. समोर मादी असावी. मला काही दिसली नाही.

याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. हो, आपल्या मराठीतला 'सरडा'च! २०१६ साली ही नवी प्रजात ठरवताना संशोधकांनी हाच शब्द घेतला. मला उगाच घरच्या पोराचं नाव पेपरात आल्यासारखं वाटलं.

याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे तिथे सरडे वाढले. ऐकायला बरं वाटतं, पण तेच सरडे जास्त रोडावलेले आणि त्यांचे रंगही फिके. शत्रू गेला की सगळं आलबेल होतं, असं नाही.

परतताना सोबतचा म्हणाला, "इथं नुसतं गवत न् दगड, झाडं लावायला पाहिजेत." सरकारी कागदावरही असली माळरानं बऱ्याचदा 'पडीक'च. सावली पडली तर हा पंखा उघडणार कुठे, हे त्याला सांगता सांगता घाट उतरलो. पटलं की नाही, माहीत नाही. फोटो मात्र एकही धड आला नाही.