सोनी, अकरा पिलं आणि अर्ध्या इंचाची जाळी

मागच्या उन्हाळ्यात एका रात्रीत माझी चार पिलं गेली. सकाळी बघते तर डालगं जागेवर, वरचा दगड पण जागेवर, आणि कडेला नुसती पिसं पडलेली. अकरातली सात राहिली होती, ती पण आईच्या पोटाखाली अशी दबून बसलेली की हात लावला तरी चूं करेनात. 21 दिवस ती कोंबडी अंड्यावर बसली होती हो, नीट खायला पण उठत नव्हती. लै जीव तुटला माझा.

सासूबाई म्हणाल्या, "तुह्या त्या मांजराचंच काम हाय, दे सोडून लांब कुठंतरी." पण सोनी त्या रात्री घरात होती, दार लावलेलं, लेकराच्या पायाशी झोपलेली. मग दोन दिवस मी रात्री उठून टॉर्च मारत बसले आणि तिसऱ्या रात्री दिसला, गावातला एक मोठा बोका, डालग्याला खेटून बसलेला आणि कामट्यांच्या फटीतून पंजा आत घालून चाचपडायलेला. डालगं उचलायची त्याला गरजच नव्हती. पिलू कडेला झोपलं की नखात अडकवायचं आणि ओढायचं, बस.

तवापासून माझं एकच म्हणणं आहे, आपलं मांजर किती का गरीब असेना, भरवसा जाळीवर ठेवायचा, मांजराच्या स्वभावावर नाही. सोनी शहाणी झाली तरी गावातले बोके, मुंगूस, धामण ह्यांना कोण शिकवणार?

आता कुणी म्हणेल की मांजर पाळताच कशाला. तर कोंबड्या आल्या की दाणा आला, दाण्यामागं उंदीर आणि घुशी, आणि उंदरामागं साप. घूस तर स्वतःच पिलू उचलून नेते. सोनी आल्यापासून आमच्याकडं उंदराचं औषध ठेवणं बंद झालं, आणि ते ठेवायचंच नाही, कारण औषध खाऊन झिंगलेला उंदीर मांजराच्या हाती पहिल्यांदा लागतो आणि मग मांजर पण जातं.

खुराड्याचं सांगते. बाजारात जी षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी मिळते ना, ती कोंबड्या आत ठेवायला चालते, पण बाहेरच्याला अडवायला नाही चालत. मांजराचा पंजा त्यातून आरामात आत जातो. म्हणून मी खालच्या दोन फुटाला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून घेतली, वर कोंबडीजाळीच ठेवली कारण पैसे पण बघावे लागतात, आणि खाली एक फूटभर जाळी जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवली म्हणजे मुंगूस उकरत आला तरी जाळीलाच धडकतो. दाराला दोरी बांधू नका, कडीच लावा, मांजर ढकलून ढकलून दोरी ढिली करतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो, त्यामुळं सगळीकडून पत्रा मारून पेटी केली तर कोंबड्या आतच उकडून मरतील. दोन बाजू जाळीच्याच पाहिजेत, आणि वर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या टाकून दुपारी पाणी मारायचं.

मोठ्या कोंबडीला सहसा घरातलं मांजर हात लावत नाही. मी डोळ्यानं बघितलंय, सोनी नुसती पिलांकडं बघत दबकत निघाली होती, शेपटीचं टोक हलायलं होतं, तेवढ्यात कोंबडीनं सगळी पिसं फुलवली, दुप्पट दिसायली, आणि पंख जमिनीला घासत अशी सुटली की सोनीच्या नाकावर चोच बसली. सोनी थेट रांजणावर. तिथून तासभर खाली उतरली नाही आणि नंतर त्या कोंबडीला वळसा घालूनच जायची. पण ज्यांनी वनराज, गिरिराज असल्या सुधारित जातीची, मशीनमध्ये उबवलेली पिलं आणलीत त्यांच्या पिलांना ही आई नसते, त्यांना अडीच महिने तरी बंद जागाच पाहिजे. गावरान पिलू तर तेवढ्या दिवसात पण लहानच राहतं, घाई करू नका.

मांजराचं पोट भरलेलं असलं तरी ते शिकार करतं, ते त्याच्या रक्तातच आहे. तरी पण दूध-भाकरीवर मांजर ठेवू नका, त्याला मांसमच्छी, अंडं लागतंच. अंडं शिजवून, फोडून द्या, खुराड्याजवळ अजिबात नाही.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात म्हणून सांगते. एक, कोंबड्यांच्या उवा-गोचिडासाठी परमेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखं औषध फवारतात, ते मांजराला विष आहे. ओल्या जागेवरून चाललं आणि पाय चाटले की थरथरायला लागतं, झटके येतात. मी शक्यतो चुलीची राख टाकते, कोंबड्या त्यात लोळतात, आणि फवारणी करावीच लागली तर सगळं पूर्ण वाळेपर्यंत सोनी घरात कोंडलेली असते.

दुसरं, अचानक मेलेली कोंबडी मांजरापुढं टाकायची नाही, कधीच नाही. जानेवारी 2021 मध्ये आपल्या परभणीजवळ मुरुंब्याला शेकड्यानं कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले ते पण त्यानंच, आणि त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मांजरांमध्ये पण तो सापडला. एकदम दोन-चार मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, लपवू नका.

आणि मांजराचा दात लागलेली कोंबडी वरून बरी दिसते, पिसाखाली बारीक भोक असतं, आत दोन दिवसात पू होतो. पिसं बाजूला करून नीट बघा, वेगळी ठेवा नाहीतर बाकीच्या रक्तावर टोचा मारतात, आणि डॉक्टरला दाखवाच.

सध्या नवी तेरा पिलं आहेत, आज नववा दिवस, परवा लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा थेंब डोळ्यात घालून झाला. सोनी वर तुराट्यांवर पडून असते, खाली कोंबडी पिलांना घेऊन माती उकरते, आता तिच्याकडं बघून ओरडत पण नाही. आत्ता सात वाजायलेत, उठते, कडी लावायची राहिलीय.