नानांबरोबर तरडगावपर्यंत

३२ वर्षं न चुकता आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या नानांनी वारी सोडली होती. पोराचं विमान पडलं त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून. यंदा ज्येष्ठात काकूंचा फोन आला, "तू चल म्हणालास तर येतील बघ."

नानांचा पोरगा आणि मी साताऱ्याच्या सैनिक शाळेत एका बाकावर. डोळ्यांनी मला दगा दिला, मी बँकेत चिकटलो. तो खडकवासल्याची एनडीए, मग दुंडिगलची हवाई दल अकादमी करून वैमानिक झाला. तो गेल्यावर मला जमलं ते एवढंच, वहिनींचे कागद. पेन्शनचे फॉर्म, दाखल्याच्या प्रती. जोडखात्यातून त्याचं नाव कमी करायचा अर्ज तेवढा मी सहकाऱ्याकडे ढकलला.

आळंदीहून पुण्याकडे येताना विश्रांतवाडीजवळ सुखोई गरजत गेलं. लोहगावचा तळ जवळच. मी नानांकडे बघायचं टाळलं. त्यांनीच मान वर केली. "दोन इंजिनं हायेत त्याला," म्हणाले, आणि पुन्हा टाळ धरला.

गावात ते 'वीरपिता'. सत्कार, शाल, नारळ, फोटो. शाली ठेवायला कपाट पुरत नाही, असं काकू म्हणतात. दिंडीत पाणी वाटणाऱ्या पोरापासून विणेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ते नुसते 'माऊली'. दिवे घाटात जादा बैलजोड्या लावलेला रथ चढत होता, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "त्याला भ्या वाटायचं का रं?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, "पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं त्या रात्री फोन केला होता मला. पाय लटलटले म्हणाला, पण खाली उतरल्यावर."

नाना हसले. "माझ्यावर गेला. पोहायला शिकलो तवा मीबी विहिरीतनं वर आल्यावरच रडलो हुतो." मग सासवड येईपर्यंत तोच विषय: चोरलेल्या कैऱ्या, गणितातले मार्क, वसतिगृहातून लिहिलेली खोटी पत्रं. पत्रं खोटी होती हे त्यांना तेव्हाच कळलं होतं म्हणे!

लोणंदच्या तळावर काकू आणि वहिनी भेटायला आल्या. वहिनींनी पालखीचं दर्शन घेतलं नाही. "माझा राग अजून गेला नाही," म्हणाल्या. नानांनी भाकरी पुढे केली, बाकी काही नाही. सात वर्षांची नात मात्र हट्टानं आमच्याबरोबर राहिली.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. नात आजोबांच्या खांद्यावर. स्वाराचा अश्व धावला, माउलींचाही धावला.

"आजोबा, याच्यावर कुणीच नाही."

"हाय की. माउली हायेत."

टापांखालची माती नानांनी कपाळाला लावली, चिमूटभर तिच्याही.

रात्री तरडगावला राहुटीत मी त्यांना एक गोष्ट सांगितली. २७ मे २०१९ ला हवाई दलप्रमुख धनोआ यांनी पंजाबातल्या भिसियाणाच्या तळावर स्वतः मिग-२१ उडवून, कारगिलच्या लढाईत गेलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांना मानवंदना दिली होती. चार विमानं बाणासारखी, मधली एक जागा मोकळी. त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा मित्रानं एका खानावळीत वाट्या मांडून मला ते दाखवलं होतं. मी तशाच वाट्या सतरंजीवर मांडल्या.

नाना बराच वेळ बघत राहिले. नातीनं मोकळ्या जागी शेंगदाण्याचा लाडू ठेवला, आणि थोड्या वेळानं तिनंच तो खाल्ला.