विसर, भोवळ आणि धास्ती: तिन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांसमोर

भोवळ आली तर पित्त झाले असेल, विसर पडू लागला तर वय झाले असेल, आणि जीव घाबराघुबरा झाला तर ‘फार विचार करू नकोस’, अशी या तीन तक्रारींची वेगवेगळी उत्तरे परभणीत आमच्या घरी तयार असत. इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्यावर हे तिन्ही त्रास मला एकाच सुमारास सुरू झाले, तेव्हा सासूबाईंनी आणि जाऊबाईंनी फोनवर तीच उत्तरे मायेने दिली. आपल्याकडे कितीतरी जणी हा त्रास अंगावर काढतात, म्हणून इथे माझी तपासणी कशी झाली ते सविस्तर लिहीत आहे.

येथील सरकारी आरोग्यसेवेत मेंदूविकारतज्ज्ञांकडे थेट जाता येत नाही. आधी आपले नाव नोंदवलेल्या जीपीला, म्हणजे परिसरातील डॉक्टरांना, भेटावे लागते. भेट साधारण दहा मिनिटांची असते. त्यामुळे त्रास कधी होतो, किती वेळ टिकतो आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे मी कागदावर लिहून नेले होते. (इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत.)

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले की चक्कर येते तेव्हा नेमके काय होते: खोली फिरते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? खोली फिरत असेल तर बहुधा आतल्या कानाकडे लक्ष द्यावे लागते आणि उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाबाकडे. त्यांनी झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. नंतर मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवे केले आणि माझे डोळे पाहिले. आतल्या कानातील सूक्ष्म कण जागचे हलले असतील, तर त्या वेळी बुबुळांची विशिष्ट हालचाल होते आणि डोके ठराविक क्रमाने फिरवून हा त्रास बरा करता येतो. माझ्या बाबतीत तसे नव्हते. गाडी चालवता का, हेही त्यांनी विचारले, कारण अचानक येणारी तीव्र चक्कर असेल तर येथे गाडी चालवणे थांबवून परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे.

स्मरणासाठी ३० गुणांची चाचणी झाली, ज्यात घड्याळ काढायचे होते आणि सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळाने आठवायचे होते. विसर कोणाच्या लक्षात आला, मला की घरच्यांना, हे त्यांनी माझ्या यजमानांनाही विचारले, आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

मग जेवणाची चौकशी झाली. आमचे घर माळकरी. ज्वारीची भाकरी, वरण, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि चहापुरते दूध. या आहारात बाकी पुष्कळ काही आहे, पण बी १२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध-दह्यातून ते मिळते, मात्र चहातल्या दुधाने गरज भागत नाही. मज्जातंतूंवरील आवरणासाठी ते आवश्यक असल्यामुळे ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसर आणि अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही होऊ शकतात. रक्ततपासणीत माझे थायरॉईड आणि साखर व्यवस्थित होती. बी १२ फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली.

तरीही सर्व काही त्यामुळेच झाले, असे डॉक्टरांनी म्हटले नाही. चिंतेविषयीची सात प्रश्नांची प्रश्नावली त्यांनी भरून घेतली आणि समुपदेशनासाठी स्वतःच नाव नोंदवता येते, हे सांगितले. दोन्ही उपचार बरोबरीने चालले. भोवळ आधी कमी झाली, विसर हळूहळू ओसरला. गर्दीत छातीत होणारी धडधड अजून अधूनमधून होते आणि त्यासाठीचे समुपदेशन चालू आहे.

आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की लगेच ताकदीचे लाल इंजेक्शन घेतले जाते. त्यात बहुधा बी १२ असते आणि ते घेतल्यानंतर केलेल्या तपासणीत मूळची कमतरता झाकली जाऊ शकते, म्हणून शक्य असेल तेथे तपासणीसाठी रक्त आधी द्यावे. मात्र तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असे अचानक घडले, तर तो पक्षाघात असू शकतो; घरी थांबू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मनाच्या धास्तीसाठी ‘टेली मानस’ या भारत सरकारच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मराठीत बोलता येते.

जाऊबाईंनाही आता चक्कर येते आणि त्यांची मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू आहे. दीर्घकाळ घेतल्यास त्या गोळीनेही बी १२ कमी होऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण सगळ्या औषधांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि बी १२ तपासायचे का ते विचारा, असे मी त्यांना सांगितले आहे. त्या पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.