चाळिशीत पुन्हा बीजगणित

दहावीला बीजगणितात ७५ पैकी ४१ मिळाले तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली होती. ते १९९९ साल. पुढे मी आर्ट्सला गेले, मराठी घेऊन बी.ए. केलं आणि गणिताचं पुस्तक चोवीस वर्षं उघडलं नाही.

ते उघडावं लागलं न्यू जर्सीत. मुलगी हायस्कुलात गेली आणि मी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगसाठी अर्ज केला. तिथे आधी अ‍ॅक्युप्लेसर नावाची चाचणी द्यावी लागली. ती संगणकावर असते आणि तुमचं उत्तर बरोबर की चूक, त्यावरून पुढचा प्रश्न ठरतो. निकाल आला: आधी ‘इंटरमीजिएट अल्जिब्रा’ करा. या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरले जाणार नव्हते, फी मात्र पूर्ण भरायची होती. त्या दिवशी घरी आल्यावर मी कोणाशी बोलले नाही.

आमचा वर्ग मॉडेलिंगवर भर देणारा होता. म्हणजे काय, ते पहिल्याच तासाला कळलं. सरांनी फळ्यावर एकही सूत्र लिहिलं नाही. त्यांनी वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती पेटवली, शेजारी पट्टी उभी केली आणि दर मिनिटाला उंची मोजायला सांगितली. सुरुवातीला सहा सेंटीमीटर, मग दर मिनिटाला साधारण अर्धा सेंटीमीटर कमी. आम्ही ठिपके काढले, त्यांतून रेष ओढली आणि समीकरण लिहिलं: उंची = ६ − ०.५ × मिनिटं. हेच त्या मेणबत्तीचं मॉडेल. मग सरांनी विचारलं, पंधराव्या मिनिटाला उंची किती? वर्गानं उत्तर दिलं, उणे दीड. सर गप्प उभे राहिले. उणे दीड सेंटीमीटर उंचीची मेणबत्ती कुठे असते? ती तर बाराव्या मिनिटालाच संपलेली असते. समीकरण पुढे चालत राहतं, मेणबत्ती चालत नाही. समीकरण कुठपर्यंत खरं, हे लिहिणं हाही उत्तराचा भाग असतो, हे शाळेत मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या छोट्या परीक्षेत मी रेषेचा चढ ‘−०.५’ असा लिहिला आणि निम्मे गुण गेले. आकडा बरोबर होता. पण ‘दर मिनिटाला उंची अर्ध्या सेंटीमीटरनं कमी होते’ हे वाक्य हवं होतं, एककासकट. शाळेत आम्ही ‘मुलाचे वय क्ष वर्षे मानू’ असं लिहून सुरुवात करायचो आणि क्ष सापडला की खाली दोन रेघा मारून मोकळे व्हायचो. इथे क्ष सापडल्यावर खरं काम सुरू व्हायचं.

सहामाहीला मला शंभरपैकी ५४ मिळाले. वर्गसमीकरणं जमली, अपूर्णांकी घातांकांवर पार अडखळले. त्यापेक्षा मोठी अडचण इंग्रजी शाब्दिक उदाहरणांची होती. मी बारा-बारा ओळी वाचायचे आणि शेवटी नक्की काय बदलतंय तेच हाती लागायचं नाही. मग एक सवय लावून घेतली. उदाहरण वाचलं की वहीत आधी मराठीत एक ओळ लिहायची: भर पडते की पट होते? दर वर्षी तेवढीच भर पडत असेल तर रेष. दर वर्षी तेवढ्याच पटीनं वाढत असेल तर घातांकी वक्र. आणि हे तर मी शाळेत शिकले होते! सरळव्याज म्हणजे रेष, चक्रवाढव्याज म्हणजे वक्र. मुद्दल म्हणजे आलेख उभ्या अक्षाला छेदतो तो बिंदू. ही ओळख पटली त्या संध्याकाळी मी वही घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि खरंच डोळे भरून आले. असा कोर्स करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, पहिली ओळ आपल्या भाषेत लिहा. गणित इंग्रजीतच सोडवा, पण ती एक ओळ आपली असू द्या.

दुसरा आधार कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरचा. आठवड्यातून तीन दिवस, कामावर जाण्याआधी तासभर, आणि तेही फुकट. माझ्यापेक्षा अर्ध्या वयाची मुलं शिकवायची. त्याचा संकोच दोन आठवडे वाटला, नंतर गेला.

शेवटच्या प्रकल्पासाठी खरी आकडेवारी आणायची होती. मी महाराष्ट्राची लोकसंख्या घेतली. आमचे अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि १९९१ च्या जनगणनेत प्रगणक. मी आठ वर्षांची होते. संध्याकाळी ते कंदिलाजवळ तक्ते पसरून बसायचे आणि आम्हाला त्यांना हात लावू द्यायचे नाहीत, एवढं नीट आठवतं.

राज्य १९६० मध्ये झालं, म्हणून १९६१ पासून सुरुवात केली. कोटींमध्ये आकडे असे: ३.९६, ५.०४, ६.२८, ७.८९ आणि २००१ साली ९.६९. टीआय-८४ कॅल्क्युलेटरमध्ये मी आधी वर्षं जशीच्या तशी भरली, १९६१, १९७१. त्यामुळे सुरुवातीची किंमत दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग घेऊन आली. सर म्हणाले, १९६१ ला शून्य धर. मग चित्र स्पष्ट झालं. प्रत्येक दशकाची पट काढली: १.२७, १.२५, १.२६, १.२३. जवळजवळ सारखी, म्हणजे वक्र. कॅल्क्युलेटरनं दिलेलं समीकरण असं होतं: चार कोटी गुणिले १.०२२६ चा वर्षांइतका घात. लॉगॅरिथम, म्हणजे घात किती ते शोधायची रीत, वापरून दुप्पट व्हायचा काळ काढला, तो ३१ वर्षं आला. खरोखरच १९६१ चे ३.९६ कोटी तीस वर्षांत ७.८९ कोटी झाले होते. लॉगॅरिथम कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

२०११ चा आकडा मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. वक्रानं भाकीत केलं साधारण सव्वाबारा कोटी. जुन्या पाचही ठिपक्यांवर कमी बसणाऱ्या सरळ रेषेनं सांगितलं १०.८७. प्रत्यक्षात लोकसंख्या होती ११.२४ कोटी. जुन्या आकड्यांवर इतका नेटका बसलेला वक्र एक कोटीनं चुकला आणि रेष त्यापेक्षा जवळ गेली. शेवटच्या दशकाची पट १.१६ वर आली होती.

असं का झालं, हे लिहायला दोन पानं लागली आणि ती मी सगळ्यात मनापासून लिहिली. माझ्या आजीला नऊ मुलं, आईला तीन, मला एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे. घराघरांत बायकांचं आयुष्य बदललं आणि वक्र मोडला. कॅल्क्युलेटरमध्ये भरलेल्या पाच आकड्यांत याची नुसती चाहूल होती, त्या १.२३ मध्ये, आणि मी ती किरकोळ समजून सोडून दिली होती. सरांनी समासात लिहिलं, हाच मॉडेलचा खरा उपयोग.

अंतिम परीक्षेत ८६ मिळाले, कोर्सला ‘बी’. जानेवारीत स्टॅटिस्टिक्स सुरू झालं.

आलेख अप्पांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार, कारण अर्ध्या तासानं फोन आला. त्यांना १९९१ चा ठिपका नेमका कुठला, ते हवं होतं. मी सांगितलं, डावीकडून चौथा. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “त्यातली एकशे बेचाळीस घरं माझी आहेत.” मग २०२१ चा ठिपका का नाही, असं त्यांनी विचारलं. ती जनगणना कोरोनात लांबली, हे त्यांना माहीत होतंच. तरी मी सांगितलं, आणि म्हटलं की पुढचा आकडा येईल तेव्हा तो तुम्हीच मला कळवा, जागा मोकळी ठेवली आहे.